ओल्या हातांनी

जयपूरच्या उन्हात धुतलेली गाडी वाळवायला यंत्र कशाला हवं, हा प्रश्न मला पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर पडला. मे महिन्यात इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका लहान कारखान्यात सेल्फ-सर्व्हिस कार वॉशसाठी ब्लोअर बनतात. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं, म्हणून माहितीपुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. तौलनिक साहित्यात एम.ए. झालेल्या बाईचं घर कवितांच्या अनुवादावर चालत नाही, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

उत्तर कारखान्याच्या मिस्त्रीजींनी दिलं. इथलं बोअरचं पाणी जड. थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि काळ्या बॉनेटवर पांढरे ठिपके उमटतात. फडक्याने पुसावं, तर चिकटून राहिलेली वाळू रंगावर ओरखडे काढते. म्हणून थेंब वाळायच्या आतच त्याला हाकलायचं. यंत्रात हीटर नाहीच. मोटर, तिच्या दांड्यावर पात्यांचं चाक, भोवती शंखासारखं वळलेलं कवच, मग पाइप आणि निमुळतं तोंड. म्हणजे ‘ड्रायर’ हे नावच फसवं! मराठीत वाळवणं म्हटलं की गच्चीवरच्या कुरडया आल्या, ऊन आलं, कावळ्यांवर नजर ठेवणं आलं. सुकवणं, टिपणं, निथळवणं, सगळं लिहून खोडलं. शेवटी ‘पाणी उडवणारा झोत’ ठेवलं.

यंत्रसुद्धा परक्या मुलखातून आलेलं. मूळ नमुना अमेरिकी, तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. दोन पोलांची जी मोटर तिथे मिनिटाला साधारण ३,५०० फेरे घेते, ती इथे २,९००च्या आसपास घेते. वेग एक षष्ठांशाने उतरला की हवेचा दाब वेगाच्या वर्गाने उतरतो, म्हणजे जवळजवळ ३० टक्क्यांनी. “हवा तो आती थी, धक्का नहीं आता था,” मिस्त्रीजी म्हणाले. त्यांनी चाकाचा व्यास वाढवला. शब्दाला शब्द की परिणामाला परिणाम, यावर आमच्या वर्गात तासन्‌तास वाद चालत. इथे तो लेथवर मिटला होता.

‘सेल्फ-सर्व्हिस’ मात्र अडून बसलं. ‘स्वयंसेवा’ म्हटलं की भलतेच लोक डोळ्यांसमोर येतात. ‘आपला हात जगन्नाथ’ लिहायचा मोह झाला, पण हात कोणाचा? तिकडे मालक स्वतः नाणं टाकून स्वतःची गाडी धुतो. इकडे मालक फोनवर असतो आणि धुतो ड्रायव्हर, नाहीतर तिथलाच एखादा पोरगा, पायात चप्पल नसलेला.

त्याच पोराला उद्देशून पुस्तिकेत एक वाक्य होतं: ओल्या हातांनी स्विच दाबू नये. ते मराठीत आणायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण गाडी धुणाऱ्याचे हात कोरडे असतात कधी? जे पाळताच येणार नाही ते बजावायचं, म्हणजे उद्या शॉक लागला तर दोष कोणावर टाकायचा हे आजच ठरवून ठेवायचं. मी हे मिस्त्रीजींना विचारलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि आराखडा पुढे ओढला.

आता मोटर वर, भिंतीवर. खाली फक्त २४ व्होल्टचं बटण. पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली तर क्षणात लाइन तोडणारा. वाक्यही बदललं, ते आता धुणाऱ्या पोराला नाही, जोडणी करणाऱ्या वायरमनला सांगतं: “आरसीसीबी आणि अर्थिंग तपासल्याशिवाय वीज जोडू नका.” पाठ्यपुस्तकातलं ‘भूसंपर्कन’ मी मुद्दाम टाळलं. वायरमनला अर्थिंग कळतं.

किंमत थोडी वाढली. गिऱ्हाइकाचा फोन आला: ते बटण आणि तो आरसीसीबी वगळून केवढ्याला द्याल? मिस्त्रीजींनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, “मॅडम, मराठी में मना कर दीजिए.”

मी केलं.