शिफ्टवाल्या घरातली डोनबुरी

भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत कायझेन आणि पोका-योके ही जपानी कार्यपद्धतींची नावं आता रोजच्या बोलण्यात आहेत. जपानी जेवण मात्र आपण अजून वाढदिवसाच्या हॉटेलापुरतं ठेवलं आहे. माझं म्हणणं असं, की त्यातली निदान डोनबुरी, म्हणजे वाडग्यात गरम भात आणि त्यावर रस्स्यासकट कालवण, इथल्या घरांना पोळीभाजीपेक्षाही सोयीची आहे. कारण इथलं घर एका वेळी जेवायला बसत नाही. कुणी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी येतं, कुणी सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्रीच्या सुमारास कंपनीच्या बसमधून उतरतं, मुलांना क्लासहून आल्या आल्या भूक असते. एकच भाजी तीनदा गरम केली की तिसऱ्याच्या वाट्याला काय उरतं, ते सांगायला नको. डोनबुरी मुळातच एकेका वाडग्यापुरती शिजते. भात कुकरमध्ये, खालचा रस्सा पातेल्यात तयार. माणूस दारात आलं की छोट्या कढईत त्याच्या वाट्याचा रस्सा उकळायचा आणि अंडं सोडायचं. हा गुण तिला कष्टकऱ्यांकडूनच मिळाला आहे. गोमांसाच्या डोनबुरीसाठी प्रसिद्ध असलेलं योशिनोया १८९९ मध्ये सुरू झालं ते टोकियोच्या निहोनबाशी मासळीबाजारात, घाईत जेवणाऱ्या बाजारकऱ्यांसाठी.

घरी मी कोंबडी-अंड्याची डोनबुरी रांधतो. जपानात तिला ओयाकोदोन म्हणतात आणि तिचा जन्म १८९१च्या सुमारास टोकियोच्या तामाहिदे या खानावळीत झाल्याचं सांगतात. पहिला आक्षेप ठरलेला असतो: जपानी तांदूळ कुठून आणायचा? आणायचा कशाला? बासमती इथे कामाचा नाही, त्याचा दाणा दाण्याला धरत नाही आणि रस्सा तळाशी जातो. हवा असतो तो मऊ, किंचित चिकट भात, आणि तो आपल्या दाराशी पिकतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी १९८७ पासून शेतात आहे. त्याला आंबेमोहराचा वास येतो, जो जपानी भाताला नसतो. मला तो खटकत नाही, उलट आवडतो. अर्धा तास भिजवावा आणि नव्या तांदळाला पाणी बेतानेच घालावं, नाहीतर आसट होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जपानी चवीचा पाया दाशी, म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. ते नसेल तर हा सोया सॉस घातलेला अंडाभातच नाही का? आक्षेप खरा, पण अर्धवट. जपानी घरांत वाळवलेल्या छोट्या अँकोव्ही माशांची दाशीही सर्रास करतात, आणि आपली मांदेली त्याच कुळातली आहे. सुकी मांदेली डोकं आणि पोट काढून पाण्यात भिजवावी, मंद आचेवर दहाएक मिनिटं ठेवून गाळावी. डोकी तशीच राहिली तर पाणी कडू होतं. त्यात सोया सॉस आणि थोडी साखर. मिरिन, म्हणजे स्वयंपाकातली गोडसर तांदळाची दारू, नसली तरी अडत नाही. मग चाकणच्या बाजारातला कांदा उभा चिरून आणि कोंबडीचे बारीक तुकडे घालून त्याच पाण्यात शिजवायचे. तेल नाही, फोडणी नाही. हात सारखा मोहरीच्या डब्याकडे जातो, तो आवरायचा. सोया सॉस मात्र आंबवून केलेला घ्यावा. चायनीजच्या गाडीवरचा काळा सॉस रंगच जास्त देतो.

एका बाबतीत मी जपानी रीत मोडतो. तिथे अंडं अर्धवट पातळ ठेवतात, कारण तिथली अंडी कच्ची खाता येतील अशा बेताने धुऊन, तपासून, तारीख घालून विकली जातात. आपल्या किराणा दुकानातल्या अंड्याला ती हमी नाही. झाकण ठेवून ते पुरतं घट्ट होऊ द्यावं. मिठाचंही भान हवं: सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यामुळे रक्तदाबवाल्यांच्या वाडग्यात रस्सा कमी. गोडसर आणि मिळमिळीत लागतं ही तक्रार मात्र मी मानत नाही, वरून लाल तिखट भुरभुरायला जपानी लोकही मागेपुढे पाहत नाहीत. लातूर-जळगावहून इथे आलेल्यांना भाकरीशिवाय जेवण जेवणच वाटत नाही, हे मान्य. पण खिचडीच्या रात्री तेही भाकरी मागत नाहीत. उरले सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे. त्यांच्यासाठी जपानच्या बौद्ध मठांतली रीत आहे, सुकवलेल्या शिताके अळंब्याच्या पाण्याची, आणि वर कोंबडी-अंड्याऐवजी तळलेला टोफू. टोफू मिळाला नाही म्हणून पनीर घालू नये. दुधाची चव त्या पाण्यात वेगळीच पडते. त्यापेक्षा नुसतं वांगं भाजून ठेवावं.