थेंब थांबतो तेव्हा

निफाड तालुक्यातल्या त्या मळ्यात दहा वर्षांच्या पोराला ट्रॅक्टरचं पहिलं काम मिळालं, ते थेंब मोजायचं. इंजिनाच्या डिझेल पंपाच्या पहिल्या तोंडावर उस्तादांनी एक बारीक नळी चढवली होती, बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली. तिच्या टोकातून डिझेलची धार वाहत होती. उस्ताद पुढे उकिडवे बसून मोठ्या पान्याने क्रँक इंचाइंचाने फिरवत होते. धार बारीक झाली, तुटली, थेंब झाले. मग एक थेंब नळीच्या टोकाला फुगून लटकला आणि पडेचना.

"थांबला!" पोरगं ओरडलं.

उस्तादांनी फ्लायव्हीलवरची खूण पाहिली, मान हलवली आणि क्रँक पुन्हा पाव फेरा मागे घेतला. "आता परत मोज."

पुढची चाळीसेक वर्षं तो हेच करत आला. त्या दिवशी नेमकं काय थांबलं, हे मात्र त्याला आयटीआयला गेल्यावर कळलं. पंपातला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, खाली असतो तेव्हा टाकीतलं डिझेल बाजूच्या भोकातून आत येतं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून ठेवली की ते नळीवाटे सरळ बाहेर पडतं. प्लंजर वर सरकून भोक झाकतो आणि थेंब अडतो. इंजीन चालू असताना नेमक्या त्याच क्षणी डिझेल दाबायला सुरुवात होते. पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर हा क्षण यावा, हे इंजिनागणिक वेगळं. त्यालाच गॅरेजात टायमिंग म्हणतात.

वहीत त्याने एकदा हिशेब मांडला होता. मिनिटाला २००० फेरे म्हणजे सेकंदाला १२,००० अंश. एका अंशाला सेकंदाचा बारा हजारावा भाग. चार सिलिंडरचं इंजीन तासाला आठ लिटर पीत असेल, तर दर फवाऱ्याला येतं सुमारे ०.०३ मिलीलिटर डिझेल, धड एक थेंबही नाही. शिवाय पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पंपावरची एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. हे सगळं उस्ताद पान्याने आणि डोळ्याने जुळवत होते.

रुडॉल्फ डिझेलचं इंजीन १८९७ मध्ये यशस्वी झालं, पण त्यात इंधन उडवायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर. ते धूड शेतात नेणं अवघडच होतं. जर्मनीत बॉशने १९२७ मध्ये अशा इंजेक्शन पंपाचं कारखानी उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजीन ट्रक-ट्रॅक्टरच्या आवाक्यात आलं. त्याच बॉशची भारतातली कंपनी १९५१ मध्ये बंगळुरूला निघाली, तिचं नाव मायको. नाशिकच्या सातपूरला तिचा नोझलचा कारखाना आला. पुढे कंपनीचं नाव बदललं, पण नाशिकचा मायको सर्कल मायको सर्कलच राहिला.

आयटीआयनंतर तो नाशिकला एका पंपाच्या दुकानात लागला. तिथे टेस्ट बेंचवर पंप फिरायचा आणि काचेच्या नळ्यांत डिझेल पडायचं. चारही नळ्यांत सारखं हवं, चार फवाऱ्यांमध्ये बरोबर नव्वद-नव्वद अंशांचं अंतर हवं. बेंचवर पास झालेला पंप ट्रॅक्टरवर चढताच नापास होऊ शकतो, हे मात्र तिथे कोणी शिकवलं नाही. ते त्याला महागात शिकावं लागलं.

गावात स्वतःचं गॅरेज टाकल्यावरची गोष्ट. एक ट्रॅक्टर नांगरटीत दम टाकत होता. त्याने पंपाचे नट सैल केले, पंप किंचित अॅडव्हान्सला, म्हणजे फवारा आधी पडेल असा, फिरवला आणि नट आवळले. इंजिनाचा आवाज कडक झाला. कडक आवाज म्हणजे ताकद, अशी मालकाची समजूत, आणि खरं तर तेव्हा त्याचीही. मूळ दोष चोंदलेल्या डिझेल फिल्टरात होता. दोन महिन्यांनी मालकाने दुसरीकडे फिल्टर बदलून घेतला. इंजिनाला पोटभर डिझेल मिळू लागलं, पण ते वेळेच्या आधी. पिस्टन वर येत असतानाच भडका उडायचा, ठोका बसायचा. भर उन्हाळ्याच्या नांगरटीत हेड गॅसकेट जळालं, एका पिस्टनच्या डोक्याला चीर गेली. लायनर-पिस्टनचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून भरले. तेव्हापासून पंपाच्या नटाला तो सगळ्यात शेवटी हात लावतो.

गेल्या उन्हाळ्यातच एक जुना ट्रॅक्टर आला. बॉनेटवरची कंपनीची अक्षरं केव्हाच उडाली होती. तालुक्याच्या एका गॅरेजात इंजीनकाम झालं आणि तेव्हापासून पांढरा धूर. लासलगावला कांद्याची ट्रॉली नेताना चढाला श्वास तुटायचा. मालकाने नोझल बदलले होते, पंप दोनदा बेंचवर नेऊन आणला होता. खर्च झाला, धूर तसाच.

त्याने आधी धुरात तोंड घातलं. डोळे चुरचुरले, कच्च्या डिझेलचा वास आला. वाफ असती तर डोळे झोंबले नसते आणि रेडिएटरचं पाणी घटलं असतं, पाणी तर काठोकाठ होतं. मग त्याने पंपावर एअर निघते का पाहिलं, फिल्टर उघडला, एअर क्लीनरचं तेल पाहिलं, टॅपेट मोजले. चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचे नट एकेक करून सैल केले. चारही वेळा इंजीन सारखंच दबलं, धूर सारखाच उतरला. एकच सिलिंडर आजारी असता तर तो तिथेच सापडला असता. इथे चारही सारखेच आजारी, म्हणजे दुखणं सामाईक होतं.

त्याने बॅटरी पंपाच्या फ्लँजवर धरली. फ्लँजची भोकं लांबट असतात, पंप थोडा मागेपुढे फिरवता यावा म्हणून. वॉशरचा जुना गोल डाग मधोमध होता आणि नट मात्र भोकाच्या पार टोकाला. त्याच्याआधी कोणीतरी पंप होता-होईल तेवढा अॅडव्हान्स केला होता, तरी धूर हटला नव्हता.

"काका, एवढा फिरवूनही लेटच?" पुतण्याने विचारलं. पोरगा शहरात नव्या ट्रॅक्टरवर काम करतो. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषण-मानक लागू झालं, त्यातल्या कॉमन रेलच्या इंजिनांत फवाऱ्याची वेळ कॉम्प्युटर ठरवतो. पोराचा पाना म्हणजे लॅपटॉप.

काकाने मात्र पाना घेऊन क्रँक फिरवला. चौथ्या सिलिंडरचे रॉकर डुलले, म्हणजे पहिला कॉम्प्रेशनवर आला. नळी चढली. थेंब अडला तेव्हा फ्लायव्हीलची खूण केव्हाच निघून गेली होती, पिस्टन जवळजवळ माथ्यावर. एवढा फरक फ्लँजच्या भोकात मावत नाही. पंपाच्या गिअरला ६० दात धरले, तर एक दात चुकला की पंपावर सहा अंश आणि क्रँकवर बारा. रेडिएटर, पंखा, पुढचं कव्हर काढण्यात अर्धा दिवस गेला. गिअरवरचे ठिपके दिसले: समोरासमोर हवे होते, होते एक दात सोडून.

दात जुळवला, पंप जुन्या डागावर आणला. पुन्हा नळी चढली. हल्ली त्याला इंजिनातली बारीक खिटखिट ऐकू येत नाही, कान उतरलेत. थेंबही चष्म्याशिवाय दिसत नाही. तो क्रँकवर बसला आणि पुतण्याला नळीपाशी बसवलं. धार तुटली. थेंब. थेंब. मग बराच वेळ काही नाही.

"काका, थांबला."

त्याने वाकून खूण पाहिली. बरोबर काट्यावर होती. त्याने पाना धरला आणि क्रँक पाव फेरा मागे घेतला.

"आता परत मोज."