पोच

आमच्या मराठीच्या तासाला ‘स्वमग्न’ हा शब्द कवींसाठी येतो. आमच्या घरी तो सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावरून आला. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे, तिसरीत आहे आणि स्वमग्न आहे. बोललेले त्याला कळते, पण उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. कधी येतच नाही. घंटा झाली की कानांवर हात ठेवून तो बाकाखाली शिरतो. मात्र आई विड्या वळते तेव्हा पंचवीस-पंचवीसच्या जुड्या तोच मोजून मांडतो. चाळीस जुड्या झाल्या की हजार, हे त्याला कुणी शिकवले नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मात्र ‘संख्याज्ञान नाही’ असा शेरा आहे!

गेल्या वर्षी शाळेतून तो मधल्या सुट्टीतच घरी येऊ लागला. मग एक दिवस मुख्याध्यापकांनी आईला बोलावले. “ताई, याला घरीच ठेवा. हजेरीचं आम्ही बघतो. परीक्षेला तेवढा आणा. नाहीतर विशेष शाळेत टाका.” सर दुष्ट नाहीत. एक बाई आणि समोर चाळीस मुले, ही त्यांची अडचण खरीच होती. पण त्या अडचणीची किंमत माझ्या भावाने का द्यायची?

आई चौथी शिकलेली. ती एवढेच म्हणाली, “बरं सर. हेच कागदावर लिहून द्या की.”

सरांनी दिले नाही. विडी कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचीसुद्धा वहीत नोंद करून घेणारी बाई ती. तोंडी हिशेबावर तिचा विश्वास नाही.

अर्ज मी लिहिला. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग. वाचनालयात बसून कायदे उतरवले. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे. दाखल्यावर चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळते. पसंती मुलाची, शाळेची नव्हे. मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करणेही शाळेचे कर्तव्य आहे.

मी शेवटी ‘नम्र विनंती’ लिहिले. आई म्हणाली, “नियम हाय म्हणतीस, मग इनंती कशाला?” बराच वाद झाला. ‘विनंती’ राहिली, ‘नम्र’ गेले.

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दोन खेपा झाल्या. एक खेप म्हणजे हजार विड्यांची मजुरी बुडाली. कारकून म्हणाले, “ठेवून जा.” आई म्हणाली, “पोच द्या.” शिक्का आणि आवक क्रमांक मिळेपर्यंत ती बाकावरून हलली नाही.

महिन्याभराने एक विशेष शिक्षिका आल्या. आता पंधरवड्यातून एकदा येतात. आपल्यातले बरेचजण पुढे बी.एड्. करणार, म्हणून त्यांनी काय केले ते सांगते. पुठ्ठ्यावर दिवसाचा क्रम चित्रांनी काढला : प्रार्थना, गणित, खिचडी, खेळ, घर. एक काम झाले की भाऊ स्वतः ते चित्र उलटे करतो. घंटेआधी बाई त्याच्या बाकाला हात लावून खूण करतात. जागा दाराजवळची दिली, म्हणजे फारच असह्य झाले तर व्हरांड्यात जाऊन परत येता येते. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजून मगच पुढच्या मुलाकडे वळायचे. एवढ्याला खर्च किती? एक पुठ्ठा आणि रंगीत खडू.

आता बहुतेक दिवस तो शाळा सुटेपर्यंत बसतो. काही दिवस नाही बसत. आईला शाळेत ‘अर्जवाल्या बाई’ म्हणतात, तिला त्याचे काही वाटत नाही.

जूनमध्ये चौथीचा वर्ग, नवे शिक्षक. शिक्का मारलेल्या त्या कागदाच्या आईने तीन झेरॉक्स काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवल्या आहेत.