आ शेना पैसा?

माझी थोरली बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला आता तीस वर्षे होतील. पाणीगेटजवळ एका जुन्या घरात तिचा संसार. जुन्या बडोदे शहराला चार दरवाजे: लहेरीपुरा, चांपानेर, गेंडीगेट आणि हे पाणीगेट. मधोमध मांडवी. गायकवाडांच्या काळात तिथे गेलेली मराठी कुटुंबे अजून या भागात आहेत. ताई घरात मराठी बोलते, बाजारात गुजराती आणि रागावली की आपली कोकणी!

२०२५ च्या दिवाळीत रजा टाकून तिच्याकडे गेलो होतो. भाच्याला गाडी घ्यायची होती. साधी नव्हे, ‘स्पोर्टी’. टर्बो इंजिन, सीटवर लाल शिलाई, बाजूला पट्टे. भावोजी नुकतेच निवृत्त झालेले, सुरुवातीची रक्कम त्यांच्या फंडातून जाणार होती. त्यामुळे हौस भाच्याची आणि काळजी ताईची. "मामाला कागद कळतात," म्हणून मलाही सोबत नेले.

शोरूममध्ये थंडगार हवा, कॉफी, आणि भाच्याच्याच वयाचा एक विक्रेता मुलगा. त्याने कोटेशन पुढे ठेवले. ‘दिवाळी सवलत ८८ हजार’. भाचा खूश. मला मात्र आकडा खटकला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी उपकर धरून २९ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. करापूर्वीची किंमत ८ लाख, म्हणजे ११ टक्क्यांचा फरक बरोबर ८८ हजार! ही सवलत सरकारची होती. शोरूमने स्वतःचा एक रुपयाही सोडला नव्हता.

हे कळूनही मी गप्प बसलो. खोटे कशाला सांगू? पणजीच्या बाजारात बांगड्याच्या वाट्यासाठी मी वीस रुपयांवरून हुज्जत घालतो. पण काचेच्या दारातून आत गेलो की घासाघीस करणे कमीपणाचे वाटते. माझी स्वतःची गाडी घेतली तेव्हा ‘हँडलिंग’ नावाचे काही हजार मी न विचारता भरले होते. कचेरीत दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारणारा माणूस मी!

ताईने मात्र चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "भाई, आ शेना पैसा?" म्हणजे, हे पैसे कशाचे? मग दुसरी ओळ, तिसरी ओळ. प्रत्येक ओळीला तोच प्रश्न, त्याच शांत आवाजात. भाचा कानकोंडा होऊन खिडकीबाहेर बघू लागला. मलाच माझी लाज वाटली आणि मी तोंड उघडले.

हँडलिंगचे ९ हजार कशाचे, याला उत्तर नव्हते. ती ओळ खोडली. विम्याचे ५८ हजार होते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. तेवढ्याच आयडीव्हीचा आणि त्याच अटींचा विमा फोनवर ४४ हजारांत दिसला. तो दाखवल्यावर शोरूमचाही ४६ वर आला. ३० हजारांचे ‘स्पोर्ट्स पॅक’ म्हणजे मॅट, सीटकव्हर आणि स्टिकर. ते नको म्हटले. रोड टॅक्स सरकारी, तिथे बोलण्यासारखे काही नव्हते. शेवटी गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारले, कारण तो महिना आरसी बुकात लागतो आणि पुढे विकताना भाव त्यावर ठरतो. गाडी फेब्रुवारीतली निघाली. एवढ्या जुन्या साठ्याबद्दल मॅनेजरने आणखी १५ हजार सोडले. ही खरी सवलत!

बाहेर पडताना ताई त्या मुलाला म्हणाली, "बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस." तो हसला. म्हणाला, गाडीवर आम्हाला फार सुटत नाही, विमा आणि ॲक्सेसरीजवरच आमचा इन्सेंटिव्ह. खरे असेल. त्याचेही घर आहे. मॅट आणि सीटकव्हर ताईने मग त्याच्याकडूनच घेतली, वेगळी किंमत विचारून. स्टिकर मात्र नाहीच.

संध्याकाळी पाणीगेटच्या रस्त्यावर पणत्या घेताना म्हातारीने डझनाचा जो भाव सांगितला, तो ताईने मुकाट्याने दिला. मी विचारले, "इथे का नाही घासाघीस?"

"इथे एकच ओळ होती रे," ती म्हणाली, "आणि ती मला कळली."

असो. गाडी झकास आहे. भाचा मात्र अजून म्हणतो, आईला पुन्हा शोरूममध्ये नेणार नाही!