एकाच पोत्याचे तीन आकडे



शेकडेवारी शिकवताना आपण सगळे साधारण तीच उदाहरणं देतो. दुकानदाराने वस्तू ४०० रुपयांना घेतली, ४६० ला विकली, तर शेकडा नफा किती? मुलं गणित सोडवतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि विसरून जातात. मीही बरीच वर्षं हेच केलं. पण २०२४ च्या दिवाळीनंतर हा धडा मी आमच्या घरच्या सोयाबीनवर घेतला. त्यात मुलं शिकलीच, पण खरं सांगायचं तर मीच जास्त शिकलो. म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव लातूरकडचं. शेती आबा बघतात, मी सुट्टीपुरता मदतीला. त्या वर्षी ऐन काढणीत पावसाने गाठलं. बनीम ताडपत्रीखाली झाकून ठेवली, ऊन पडल्यावर मळणी केली. २२ कट्टे झाले, प्रत्येकी ५० किलोचे. म्हणजे ११ क्विंटल.

आधी गावातला खरेदीदार घरी आला. वरच्या कट्ट्यातून मूठभर दाणे घेतले, मशीनमध्ये टाकले. मॉइश्चर १४.६. "बाजारात चांगल्या मालाला ४१०० आहे, तुमच्याला ३७५० देतो," म्हणाला. आबांनी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या टेम्पोतून माल तालुक्याला नेला. तिथल्या आडतीवर तोच माल १२.९ भरला. मला बरं वाटलं. पण आडत्या म्हणाला, "दाणा डागी आहे, ३९०० लागतील." तिथून नमुना घेऊन सरकारी खरेदी केंद्रावर गेलो. हमीभाव होता ४८९२, पण ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. केंद्रावर आकडा आला १३.४. "वाळवून आणा."

एकच माल, दोन दिवस, तीन मशीन, तीन आकडे.

माल परत आणला. दोन दिवस अंगणात पसरला, आईने दर तासाला पायाने उलथला. पुन्हा केंद्रावर गेलो तर नंबर लांब होता. हरभऱ्याच्या पेरणीला पैसे हवे होते. शेवटी त्याच आडतीवर गेलो. या वेळी मशीनने ११.७ दाखवलं. आडत्या म्हणाला, "मॉइश्चर बरोबर आहे, पण मालात काडी आहे." भाव ३९५०.

येताना आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाऊस कधी येणार ते मला थोडंफार कळतं रे. त्या डब्यात काय चालतं ते काय कळंना. परवा डाग होता, आज काडी आली. कारण बदललं, भाव तिथंच."

नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. आमचा माल तोवर विकून झाला होता.

सुट्टी संपली. सातवीच्या वर्गात शेकडेवारीची उजळणी होती. फळ्यावर मी फक्त तीन आकडे लिहिले: १४.६, १२.९, १३.४. आणि विचारलं, "एकाच मालाचे तीन आकडे कसे आले असतील?" आमच्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. हात वर झाले. "सर, व्यापारी लबाड असतात!" हे पहिलं उत्तर. मी म्हटलं, असेलही, पण लबाडी न करता आकडे वेगळे येऊ शकतात का, ते आधी बघू.

मग बोलत बोलत यादी झाली. मूठ कुठून घेतली? ताडपत्रीच्या कडेचे कट्टे ओले असतात, मधले कोरडे. पोत्याच्या तोंडाशी एक, तळाला दुसरंच. म्हणून पाच-सहा पोत्यांच्या वरून, मधून, खालून दाणे काढून ते एकत्र करून मोजायला हवेत. दुसरं, बाजारातलं छोटं मशीन पाणी सरळ मोजत नाही. दाण्यातून वीज कशी वागते त्यावरून ते ओलाव्याचा अंदाज करतं. त्यामुळे माल उन्हात तापलेला असेल, मशीन दुसऱ्याच धान्यावर लावलेलं असेल किंवा कित्येक वर्षं तपासलेलंच नसेल, तर आकडा हलतो. खरा आकडा काढायचा तर प्रयोगशाळेत दाणे ओव्हनमध्ये वाळवून आधीचं आणि नंतरचं वजन बघतात.

ओलावा निदान मशीनवर तरी मोजतात. डाग, काडी, माती, हिरवा दाणा हे सगळं बहुतेक ठिकाणी नजरेवर. नियम कागदावर आहेत. गव्हाचंच बघा. सरकारी खरेदीत काडीकचरा ०.७५ टक्क्यापर्यंत चालतो, आकसलेला आणि फुटका दाणा ६ टक्क्यांपर्यंत, ओलावा १२ टक्के. पण लिलावात तळहातावर गहू घेऊन "चमक नाही" म्हणणाऱ्याला किती टक्के चमक नाही, हे कोण विचारणार?

आता गणित. मुलांना सांगितलं, गावातल्या खरेदीदाराचा १४.६ हा आकडा आपण खरा धरू. मग १०० किलो मालात पाणी १४.६ किलो, कोरडा दाणा ८५.४ किलो. १२ टक्के ओलाव्याच्या मालात कोरडा दाणा असतो ८८ किलो. ८८ किलो कोरडा दाणा म्हणजे १०० किलो चांगला माल, तर ८५.४ किलो म्हणजे किती? एकमान पद्धतीने उत्तर आलं ९७ किलो आणि थोडं वर. म्हणजे क्विंटलमागे जास्तीचं पाणी २.९५ किलो. ४१०० च्या भावाने त्याचे होतात १२१ रुपये. त्याने कापले ३५०. उरलेले २२९ कशाचे? ११ क्विंटलचे होतात अडीच हजारांवर.

वर्ग चिडला. मी थांबवलं. ओला माल घेणाऱ्याला तो वाळवावा लागतो, हमाल लागतात, बुरशी धरली तर नुकसान त्याचं. त्याचाही काही खर्च आहे. पण तो किती, हे त्याने सांगितलं का? नाही सांगितलं. तिथेच खरी गोम आहे.

दुसरं गणित मुलांनीच काढलं. माल वाळवून काय मिळालं? १३.४ वरून ११.७ वर आला, तर ११०० किलोचे झाले साधारण १०७९ किलो. २१ किलो पाणी उडालं. आधी मिळत होते ११ क्विंटलचे ३९०० ने ४२,९०० रुपये. नंतर मिळाले १०.७९ क्विंटलचे ३९५० ने ४२,६२० रुपये. म्हणजे दोन दिवस राबून, टेम्पोचं भाडं पुन्हा भरून, २८० रुपये कमीच! मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग सर, वाळवायचं कशाला? तसंच ओलं विकायचं."

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चांगल्या मालाला चांगला भाव मिळतो, असं आपण मुलांना सांगतो. पण मोजमापच एकसारखं नसेल, तर माल चांगला करणाराच येडा ठरतो. पुढच्या वर्षी तो कशाला वाळवेल? मग बाजारात ओला माल येतो, व्यापारी म्हणतो शेतकरी लबाड, शेतकरी म्हणतो व्यापारी लबाड.

तास संपत आला होता. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "सर, बोलू का? निबंधाला तुम्ही मला १० पैकी ६ दिले, हिला ८ दिले. मी विचारलं तर म्हणालात, अजून चांगला हवा होता. म्हणजे काय ते सांगितलंच नाही."

वर्ग हसला. मी पण हसलो, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. त्या रात्री मी त्या घटक चाचणीचे दहा निबंध काढले. नावं झाकली, आधीचे गुण झाकले आणि पुन्हा तपासले. चार निबंधांना मी वेगळे गुण दिले होते. एकाला तर दोन गुणांचा फरक. तिच्या निबंधाला या वेळी साडेसात आले. अक्षर वाईट होतं, मजकूर चांगला होता. पहिल्यांदा तपासताना मी बहुतेक दमलो होतो आणि अक्षरावरूनच मनात भाव ठरवून टाकला होता. आडत्याने मूठ उघडून "काडी आहे" म्हणावं, तसंच मी "अजून चांगला हवा होता" म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिला तसं सांगितलं आणि गुण बदलले. तेव्हापासून निबंध लिहायला देण्याआधीच फळ्यावर लिहितो: मुद्दे ४, मांडणी ३, शुद्धलेखन २, अक्षर १. वहीत गुण कुठे गेले तेही लिहितो. वेळ जास्त लागतो, हे कबूल. पण तेव्हापासून "मला कमी का?" हा प्रश्न रडत येत नाही, वही उघडून येतो. "सर, इथे मुद्द्यात एक गुण कापलाय, पण हा मुद्दा मी लिहिलाय." कधी तिचं बरोबर असतं, कधी माझं. दोघांना दिसेल असं काहीतरी मध्ये असतं.

तुम्हाला वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर फार काही लागत नाही. अर्धा किलो कुठलंही धान्य घ्या, पोषण आहाराच्या काट्यावर मोजा, ताटात पसरून दोन दिवस उन्हात ठेवा, पुन्हा मोजा. घट शेकडा किती ते काढायला लावा. मात्र उन्हात सगळं पाणी जात नाही, म्हणून ही घट म्हणजे पूर्ण ओलावा नव्हे, हे नक्की सांगा. मग पालकांकडून एखादी जुनी हिशोबपट्टी मागवा. हमाली, तोलाई, वजनातली कपात, भाव, सगळं मुलांना वाचू द्या. पालकांनो, तुम्हीही पट्टी खिशात घालण्याआधी एकदा मुलाच्या हातात द्या.

पुढच्या हंगामात आबांबरोबर माझा पुतण्या आडतीवर गेला होता. आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पाच कट्ट्यांतून दाणे काढा, मशीन तीनदा लावा आणि आकडा पट्टीवर लिहून द्या. आडत्याने तीनदा लावलं. आकडे आले १२.१, १२.६, १२.२. लिहून मात्र दिलं नाही. म्हणाला, "आबा, असं कुणी मागत नाही."

आबा म्हणाले, "आजपासून मी मागतो."