घरचा डॉक्टर आणि अलिखित करार

'घरचा डॉक्टर' हा शब्द आमच्या रत्नागिरींत मोठ्या आपुलकीनें उच्चारला जातो. पण हा डॉक्टर घरचा कोणत्या नात्यानें, हें कोणी विचारीत नाहीं. तो आप्त नव्हे, नोकर नव्हे, सरकारी अधिकारी तर नव्हेच. त्याच्याशीं आपला कांहीं करार असतो खास. मात्र तो कोणत्या कागदावर आहे व तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारा कोण, असा प्रश्न सहसा पडत नाहीं. आम्हांस तो पडला त्याचें कारण घरगुती आहे.

आमच्या मातोश्रींवर एकाच डॉक्टरांनीं सुमारें वीस वर्षें उपचार केले. हाताला गुण होता, रात्रीबेरात्रीं ते येत, आणि पैशांचा हिशेब हंगामांत आंब्याच्या पेटीसह मिटे. पुढें ते दवाखाना बंद करून मुलाकडे परगांवीं गेले. दोनच महिन्यांनीं मातोश्रींस रुग्णालयांत न्यावें लागलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं विचारलें, "यांस कोणतें औषध सोसत नाहीं?" पूर्वीं कसल्याशा इंजेक्शनानें गांधी उठून श्वास कोंडला होता, एवढेंच आम्ही सांगूं शकलों. औषधाचें नांव जुन्या डॉक्टरांच्या स्मरणांत होतें, कागदावर नव्हतें. आणि त्यांचा फोन त्या रात्रीं लागला नाहीं. मातोश्री त्या दुखण्यांतून उठल्या, पण आमचा प्रश्न राहिला.

आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविल्यामुळें तिकडील दाखला आम्हांस आधीं सुचतो. १९११ च्या विमा-कायद्यानें तेथें कामगारांचीं नांवें डॉक्टरांच्या यादींत येऊं लागलीं व डॉक्टरांस माणशीं ठराविक रक्कम मिळूं लागली. ५ जुलै १९४८ पासून डॉक्टरची सोय सर्वच प्रजेस मोफत झाली. तेथील घरचा डॉक्टर बहुधा सरकारचा पगारी नोकर नसून कराराने बांधलेला स्वतंत्र व्यावसायिक असतो. २०१३ पासून इंग्लंडांतील अशा दवाखान्यांवर केअर क्वालिटी कमिशनची देखरेखही आहे. भेटीसाठीं ताटकळावें लागतें, ही तिकडच्या लोकांची ओरड खोटी नव्हे. परंतु रोग्यानें डॉक्टर बदलला कीं त्याचीं टिपणें नव्या डॉक्टरांकडे जातात, ही एक गोष्ट आम्हांस लाखमोलाची वाटते.

हें बीज आमच्या भूमींत पडलेंच नाहीं असें नव्हे. कामगार राज्य विमा योजनेखालीं १९५४ पासून मुंबईंत खासगी डॉक्टर नेमले गेले व त्यांसही माणशीं मोबदला ठरला. पण तो लाभ विमेदार कामगारांचा. मिरकरवाड्यांतील मासळीवालीस किंवा पावसच्या लहान बागायतदारास त्याचा काय उपयोग? इतरांसाठीं डॉक्टरांचें नांव वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत असलें म्हणजे झालें. १९४९ चा शुश्रूषागृहांचा कायदा रोगी ठेवून घेणाऱ्या संस्थांपुरता आहे. साध्या दवाखान्यांनाही कवेंत घेणारा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्रानें स्वीकारलेला नाहीं. २००२ चे आचारनियम टिपणें तीन वर्षें जपावयास सांगतात, तींही दाखल केलेल्या रोग्यांचीं! १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें ग्राहक-न्यायाचें दार उघडलें खरें. पण तें नुकसान झाल्यावर ठोठावयाचें दार आहे.

कोणी म्हणेल, पूर्वीं हें सारें कागदावांचून चाललें. चाललें, कारण देखरेख करावयास आळी होती. डॉक्टर चुकला तर दुसऱ्या दिवशीं देवळाच्या पायरीवर त्याची चर्चा होई. आळीचा न्याय निर्दोष नव्हता. गोडबोल्यास ती तारी व फटकळास बुडवी. पण आतां तीही विरळ झाली आहे. मुलें मुंबई-पुण्यास, घरांत दोन म्हातारीं माणसें, आणि डॉक्टर कोण, कोठले, हें शेजाऱ्यासही ठाऊक नसतें.

डॉक्टरांच्या दारांत रोज इन्स्पेक्टर उभा करावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें चिरीमिरी वाढेल, आरोग्य नव्हे. आमची मागणी लहान आहे. निदान, दिलेलें औषध व न सोसलेलें औषध डॉक्टरांनीं रोग्याच्या वहींत लिहून सही करावी. आणि दवाखाना बंद करतांना टिपणें ज्याचीं त्याच्या स्वाधीन करावीं. २०२१ पासून देशभर संगणकावर आरोग्य-नोंद ठेवण्याची सोय झाली आहे, पण ती ऐच्छिक आहे. हा नियम परिषदेनें करावा. तोंवर वाचकांनीं वही स्वतःच घालावी व डॉक्टरांपुढें संकोच न धरतां ठेवावी.