आरेच्या झाडांखाली मानसशास्त्र

बारावीनंतर मुलीनं ‘बी.ए.ला मानसशास्त्र घेते’ म्हटलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, “वेड्यांचं शास्त्र शिकून काय करणार?” तुमच्याकडेही हा वाद चालला असेल, तर एखाद्या रविवारी सकाळी मुलीला घेऊन आरे कॉलनीत या.

गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षा करावी. हायवे ओलांडून आरेच्या रस्त्याला लागलं की हवाच बदलते! मुंबईतले गोठे वस्तीबाहेर नेण्यासाठी १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं ही दुग्धवसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरू उद्घाटनाला आले होते. गोठे आहेत, वारल्यांचे पाडे आहेत आणि ‘छोटा काश्मीर’ ही बागही आहे.

मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीबरोबर मी तिथं बसले होते. “किती शांत वाटतंय गं!” मी म्हटलं. ती हसून म्हणाली, “मावशी, हे झाडांमुळे, की आज स्वयंपाकाला सुट्टी आहे म्हणून?”

बघा, हेच ते शास्त्र! मनातलं ओळखण्याची ही जादू नव्हे. बरं वाटलं, तर ते नेमकं कशामुळे, हे पारखून घ्यायचं. म्हणून तर या विषयात प्रयोग असतात, चाचण्या असतात आणि संख्याशास्त्रही असतं.

भाचीनं मग एक अभ्यास सांगितला. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळाच्या नोंदी तपासून तो १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या २३ रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत. त्यांच्याशी वय वगैरे जुळणाऱ्या दुसऱ्या २३ जणांना नुसती विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले, त्यांना वेदनेची जालीम औषधंही कमी लागली. “पण ४६च माणसं, मावशी. तेवढ्यावर सगळं ठरवायचं नाही,” हेही तिनंच सांगितलं. २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली झाडं तोडली, तेव्हा माणसं रात्री का धावून आली, त्याचाही मला थोडा उलगडा झाला.

मुलीला एक मात्र स्पष्ट सांगा. नुसत्या बी.ए.वर भागत नाही. समुपदेशनाच्या कामासाठी सहसा एम.ए. मागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं, तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी हवी. औषधं देणारे मनोविकारतज्ज्ञ वेगळे. ते आधी डॉक्टर झालेले असतात. म्हणजे वर्षं आणि पैसा दोन्हींची तयारी हवी. ती घरातल्यांनी मिळूनच करायची ना?

जाताना पाणी आणि डबा न्या, कचरा परत आणा. बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत निघा. आणि डबा खाताना ‘पुढे नोकरी काय?’ याआधी ‘तुला यातलं काय आवडतं?’ एवढं मुलीला जरूर विचारा.